आम्ही सर्व

"मी बघितलं न्हाय."

आक्काचं हे वाक्य आमच्या वसाहतीत सगळ्यांना पाठ होतं. दुपारी ओट्यावर बायका विड्या वळत बसायच्या. कुणाची सून कुणाशी बोलत उभी होती, कुणाच्या पोरानं कुणाची सायकल पळवली, असलं काही निघालं की बाकीच्यांचे हात थांबायचे आणि तोंडं सुरू व्हायची. आक्काचा हात थांबायचा नाही. मांडीवरच्या सुपातलं पान उचलायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. कुणी विचारलंच, तर मान न उचलता म्हणायची, "मी बघितलं न्हाय. बघितल्यावर सांगते की."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हेकट म्हणून सोडून देतो. आम्हीही तेच करत होतो.

कुंभारीजवळची आमची वसाहत विडी कामगारांची. मी शाळेत क्लार्क, म्हणून कुणाचाही अर्ज लिहायचा झाला तर माझ्याकडे यायचा. आक्का एकटी राहायची. नवरा लवकर गेलेला, मुलगी करमाळ्याला दिलेली.

एका निवडणुकीत वसाहतीनं एकगठ्ठा मत द्यायचं ठरवलं आणि घरोघर साड्या आल्या. आक्कानं साडी परत केली. वाटणारा वैतागला. "आक्का, सगळी गल्ली एका बाजूला हाय. तू एकटीच येगळी का?"

"गल्ली असू दे की एका बाजूला. तितं मत टाकायला आत एकेकालाच सोडत्यात. ते उगंच व्हय?"

दुसऱ्या पार्टीला वाटलं, आक्का आपली. ते स्टीलचा डबा घेऊन आले. तोही तिनं परत केला. आम्ही पुढे महिनाभर हसत होतो.

मग तो उन्हाळा आला. आमच्याकडे एरवी पाच दिवसांनी पाणी येतं. तेव्हा आठ दिवसांनी यायला लागलं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. पाणी सोडणारा माणूस आमच्याच वसाहतीतला, ठेकेदाराकडे रोजंदारीवर. अबोल, दोन लहान मुलींचा बाप. कुणीतरी म्हणालं, तो पैसे घेऊन पाणी बंगल्यांकडे वळवतो. सकाळी हे एकानं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं.

देवळापुढे बैठक झाली. अर्ज मी लिहिला. "आम्ही सर्व रहिवाशांनी त्याला पैसे घेताना प्रत्यक्ष पाहिले आहे." खाली पहिली सही माझी.

सह्या घेत मी आक्काच्या दारात गेलो.

"वाच," ती म्हणाली. मी वाचलं.

"तू बघितलंस?"

"आक्का, सगळे म्हणतात."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. तू?"

मी पेन तिच्यापुढे धरलं.

"मग ते 'सर्व' खोड. एक म्हातारी सोडून, असं लिव."

"अर्जात असं लिहीत नसतात, आक्का."

"आन खोटं लिवत्यात व्हय?"

मी काही खोडलं नाही. पुढच्या घरी गेलो. आठ दिवसांत त्या माणसाचं काम गेलं.

आक्का रिक्षा करून पाण्याच्या ऑफिसात गेली. एकदा नाही, दोनदा. परत येताना माझ्या दारात थांबली. मी आत बोलावलं, पण ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"सायबानं तुजा कागद दावला. म्हणला, बाई, सगळ्यांनी लिहून दिलंय. मी म्हणलं, त्यात मी न्हाय. तर म्हणला, एकीनं काय होतंय?" पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. काय बी झालं न्हाय."

त्यानंतर बायका सुपं घेऊन दुसऱ्या ओट्यावर बसू लागल्या. टँकर आला की तिची घागर रांगेतून मागे सरकायची. कोण सरकवतंय, हे कुणीच बघितलेलं नसायचं. ती शेवटी उभी राहायची. कधी पाणी मिळायचं, कधी नाही.

तो माणूस बायकामुलांना घेऊन पुण्याला निघाला, तेव्हा टेम्पोत सामान भरून होईपर्यंत आक्का त्याची धाकटी पोर कडेवर घेऊन उभी होती. आम्ही खिडक्यांतून बघत होतो.

पावसाळ्यानंतर रस्ता खणला, तर खाली मुख्य पाइपच फुटलेला. कितीतरी महिने पाणी नाल्यात जात होतं. सगळी वसाहत त्या खड्ड्याभोवती जमली. पाइप केवढा जाड आहे, जोडायला किती दिवस लागतील, यावर बोलणं झालं. त्या माणसाचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

तोवर आक्काचे हात थरथरायला लागले होते. विडी वळता येईना, तेव्हा मुलगी तिला करमाळ्याला घेऊन गेली. दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेलो. खाटेवर एवढीशी होऊन पडली होती. मी पाइपचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग दुसरा अर्ज लिवलास?"

"न्हाय, आक्का."

ती रागावली नाही. "व्हय. लिवून तरी काय? सही कोण करणार?"

"मी करतो," एवढंच म्हणायचं होतं. मुलीनं चहा आणून दिला. मी तो बशीत ओतला, फुंकर मारून प्यायलो. आक्का माझ्याकडे बघत होती. मी बशी खाली ठेवली, तेव्हा तिनं भिंतीकडे कूस बदलली.

संक्रांतीच्या आधी ती गेली. मुलीनं फोन करून कळवलं. वसाहतीतून कुणी गेलं नाही.