कॅलेंडरच्या पानांचं रॉकेट

ताई माझ्याहून बरीच मोठी. आसेगावकडच्या एका खेड्यात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि मी कारंज्याला शेतीच्या पाइपांच्या दुकानात कामाला आहे. चंद्रावर आपलं यान उतरलं, त्या वर्षी तिच्या वर्गातल्या पोरांनी तिच्याकडे रॉकेट मागितलं. चित्रातलं नको, उडणारं पाहिजे म्हणाली. दुसऱ्या कोणी हसून पुढचा धडा सुरू केला असता. ताईने रविवारी एसटी पकडली आणि थेट माझ्या दुकानात आली.

"मले एक जाड पाइप, एक बारीक पाइप, टोप्या अन् एक कॉक पायजे."

"वावर घेतलं का काय कुठं?"

"नाई. रॉकेट बनवून राह्यली."

मी हसलो, ती हसली नाही. काउंटरवरच्या पुठ्ठ्यावर तिने मला आकृती काढून दाखवली. जाड पाइपात सायकलच्या पंपाने हवा भरायची आणि मधला कॉक एकदम उघडायचा. हवा उभ्या, बारीक नळीतून जोरात सुटते आणि त्या नळीवर चढवून ठेवलेलं कागदाचं रॉकेट वर फेकलं जातं. जाड पाइपाचं टोक बंद करणाऱ्या टोपीत सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा, हेही तिनेच शोधून काढलं होतं. मी रोज तेच पाइप विकत होतो, पण पाण्याशिवाय त्यातून दुसरं काही जाऊ शकतं हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

रॉकेटसाठी पोरांनी घराघरांतून जुनी कॅलेंडरं आणली. त्यांचा कागद जाड आणि गुळगुळीत. ताईने पान पाइपावर गुंडाळून नळी केली, वर शंकूसारखं टोक चिकटवलं, खाली वहीच्या पुठ्ठ्याचे तीन पंख लावले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ते उडवायचं ठरलं. पोरांनी गावभर सांगितलं, त्यामुळे एरवी जिलेबी घेऊन घरी जाणारी माणसंही मैदानात थांबली.

पंप मी मारत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "अजून भरा, अजून भरा." ताईने मला थांबवलं नाही. मग तिने कॉक फिरवला. फट्‌ असा आवाज झाला, कागदाचं टोक उडून बाजूला पडलं आणि बाकीचं रॉकेट नळीवर तसंच बसून राहिलं. लोक हसले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, पोट्ट्यायले पाढे शिकवा."

"शिकवते ना काका. रोज सकाळी घेते," ताई शांतपणे म्हणाली.

मी पाइप उचलून निघायच्या तयारीत होतो. ताईने मात्र ते टोक उडालेलं रॉकेट नळीवरून काढलं आणि पोरांसमोर मातीत बसली.

"हवा जास्त भरली. माही चूक झाली," ती त्यांना म्हणाली. "आता तुमाले काय दिसलं थे सांगा."

पोरं त्या रॉकेटवर वाकली. मग एक मुलगी म्हणाली, "टोक उडालं, बाई."

"मंग हवा कुठून गेली?"

"वरून."

"अन् कुठून जायले पायजे होती?"

"खालून," चारपाच पोरं एकदम म्हणाली. लोक पांगले तरी तो वर्ग तिथे उन्हात चालूच राहिला. पोरं एकेक करून ते टोक हातात घेऊन बघत होती, डिंक कुठे सुटला ते बोटाने दाखवत होती.

परतताना मी तिला विचारलं, "तुले लाज नाई वाटली?"

"वाटली ना. लय वाटली. पण मी तिथून उठून आली असती, तं त्यायनं पुन्हा कागद हातात घेतला असता का?"

पुढचे काही आठवडे ती दर रविवारी फोनवर मला रॉकेटचीच खबर द्यायची. टोक आता आतून-बाहेरून चिकटवलं. रॉकेट उडालं, पण हवेत कोलांट्या खाऊन पडलं. टोकात वजन पाहिजे म्हणून कणकेची गोळी घातली, तर शाळेतल्या उंदरांनी रात्रीतून टोकं कुरतडली. हे सांगताना ती इतकी हसली की मला अर्धं कळलंच नाही. मग तिने कणकेच्या जागी काळ्या मातीची वाळलेली गोळी बसवली आणि पंख मोठे केले.

एका शनिवारी सकाळच्या शाळेला तिने मला बोलावलं. या वेळी गावात कोणाला सांगितलं नव्हतं. आई ताईजवळच राहते, तीही आली होती. आता प्रत्येक पोराचं स्वतःचं रॉकेट होतं. कोणाच्या रॉकेटवर देवाचं चित्र, कोणाच्या रॉकेटवर ट्रॅक्टर, जे पान हाती आलं ते. हवा किती भरायची हे पोरांनीच ठरवलं होतं.

पहिलं रॉकेट सुटलं ते मला दिसलंच नाही. आवाज आला आणि नळी रिकामी. पोरं वर बघत होती म्हणून मीही वर बघितलं. मैदानातल्या कडुलिंबाच्या शेंड्याच्या कितीतरी वर एक पांढरी काडी सरळ चढत होती. वर ती जरा थांबल्यासारखी झाली, टोक खाली झालं आणि ती शेजारच्या तूर काढलेल्या वावरात पडली. पोरं धावली. मी ताईकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. पुढच्या मुलीला नळीवर रॉकेट नीट बसवून देत होती. आमच्या घरातलं हे माणूस किती मोठं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

सगळ्यांची रॉकेटं उडून झाल्यावर आई पुढे आली. तिने उभा जन्म दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण केलं.

"मले सोडू देतं का एक?" तिने ताईला विचारलं.

ताईने तिला कॉकजवळ बसवलं. "हळू नोको फिरवू माय, एकदम फिरव."

आईने दोन्ही हातांनी कॉक फिरवला. रॉकेट गेलं, वाऱ्याने जरा वाकलं आणि शाळेच्या छपराच्या टिनांवर जाऊन वाजलं. आई तोंडावर पदर धरून हसत राहिली.

"अजून एक हाय का?" ती म्हणाली.

ताई आधीच पंपाशी वाकली होती.