रानकांद्याच्या जागी करंज

वारज्याच्या टेकडीवर रोज सकाळी भेटणाऱ्या आमच्या मंडळींत सगळ्यांत कमी बोलणारे म्हणजे दशरथ ओव्हाळ. आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं; बोलायची सगळी हौस तिथे इतरांनीच भागवून घेतली असावी.

त्यांच्या पत्नी हिराबाई मात्र बोलक्या. वैशाखात टेकडी करपली की माथ्याजवळच्या खडकाळ उतारावर रानकांदा फुलतो. पान एक नाही, नुसता दांडा आणि त्यावर बारकी पांढरी फुलं. बुद्धपौर्णिमेला घरची वंदना झाली की हिराबाई संध्याकाळी नवऱ्याला ओढत तिथे आणायच्या. फूल तोडायच्या नाहीत, बघत बसायच्या.

त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर ओव्हाळांनी त्यांच्या नावाने करंज लावायचं ठरवलं. जागा अर्थातच तीच निवडली. खड्डा खणायला आम्ही होतो. कुदळीला कांदे लागले ते आम्ही बाजूला फेकले. इतकी शिकलेली माणसं जमली होती, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे दर उन्हाळ्यात ओव्हाळ पाण्याचा कॅन घेऊन चढायचे. करंज फोफावला. "काय झाड जगवलंत!" म्हणून आम्ही त्यांचं कौतुक करायचो.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी त्यांचा फोन आला. "जरा वर येता का?"

गेलो. झाडाची सावली संपते तिथून पुढे रानकांदा फुलला होता. झाडाखाली मात्र ओला पालापाचोळा आणि गवत, फूल एकही नाही. ओव्हाळांनी हातांनी माती उकरली होती. कुजलेला एक कांदा त्यांच्या तळहातावर होता.

"हिला काय आवडायचं ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तरी मी झाड लावलं."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस नको ते बोलतो. "मग काढून टाकायचं का?" मी विचारलं.

"तिच्या नावाचं आहे हो ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे कॅन घेऊन आले. झाडापाशी बराच वेळ उभे राहिले. पाणी घालवेना आणि परत नेववेना. शेवटी कॅन माझ्यापुढे धरला.

"आपण घाला. मला नाही जमणार."

मी घातलं.