टोपलीतलं लॅटिन

दोन्ना एर्सिलिया हल्ली खाली का उतरत नाहीत, हा प्रश्न शेजारच्या रोझाल्बाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता.

नापोलीच्या त्या गल्लीत वरून दोरीने टोपली सोडून पाव, भाजीपाला ओढून घेणं नवं नव्हतं. पण ईस्टरपासून एर्सिलियाबाईंची लॅटिनची शिकवणीही टोपलीतूनच चालली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या घरीच शिकवत. पोरं त्यांच्या स्वयंपाकघरात बसत. आता रोझाल्बाची लेक फ्लाविया खाली उभी राहून वही टोपलीत ठेवायची.

“लूपा पुएल्लाम विदेत. कोण कोणाला बघतंय?” बाल्कनीतून आवाज आला.

“लांडगी मुलीला.”

“आणि पुएल्लाम लूपा विदेत?”

“मुलगी लांडगीला!”

“अगं वेडे, आधी आली म्हणून ती बघणारी झाली? शेपूट बघ! शेवटी ‘म’ आहे ना, म्हणजे तिला कोणीतरी बघतंय. मग ती रांगेत कुठेही उभी राहू दे.”

“लांडगीचं राहू द्या, दोन्ना एर्सिलिया,” भाजीवाला साबातीनो ओरडला. “टोमॅटो पाठवू का?”

“पाठव. पण कालच्यासारखे सुरकुतलेले नकोत. सुरकुतलेली मी आहे तेवढी पुरे!”

गल्ली हसली. रोझाल्बाही हसली, आणि हसता हसता थबकली. बाई टोपली ओढतानासुद्धा उठल्या नव्हत्या. कठड्यावर नुसतं डोकं आणि हात.

ती सूप घेऊन वर गेली. बेल वाजवली. आत खुर्ची फरशीवर घासत यायला लागली. थांबली. पुन्हा घासली. दार उघडलं तेव्हा बाई खुर्चीची पाठ धरून घामाघूम उभ्या होत्या.

“कंबर धरलीय, एवढंच. मिलानला माझ्या लेकाला कळवलंस तर याद राख! उचलून नेईल मला. तिथे लिफ्ट आहे, पण खालून हाक मारणारं कोण आहे?”

घरी येऊन रोझाल्बाने फोन हातात घेतला. लेकाचा नंबर तिच्याकडे होता. न कळवावं, तर उद्या बाई एकट्या असताना पडल्या म्हणजे? कळवावं, तर रविवारी तो येऊन बॅगा भरेल, आणि बाईंना कोणी विचारणारसुद्धा नाही.

लेकाचा नंबर तिने तसाच ठेवला. आधी बाईंनाच फोन करायचा. डॉक्टरला घरी बोलावते म्हणायचं, आणि नाही म्हणाल्या तर लेकाला तुमच्यासमोरच फोन लावीन, हेही सांगून टाकायचं.