नारिंगाचा जुना अर्थ

विष्णू गेल्याचं मला अनगोळला त्याच्या घरी जाताना वाटेवर कळलं. त्याच्यासाठी घेतलेली नारिंगं पिशवीत होती... ती तशीच त्याच्या बायकोच्या, वहिनींच्या हाती दिली. त्या सवयीनं एक सोलायला बसल्या, आणि मला ते बघवेना.

बेळगावात आम्ही एकाच शाळेत मास्तर. मी गणित शिकवी, तो संस्कृत. शब्दांचं त्याला वेडच होतं. कॅम्पातल्या एका गोवेकर पाद्रीकडून स्पॅनिश शिकायचं खूळ त्यानं घेतलं आणि पहिल्याच धड्यात त्याला ‘नारांखा’ भेटली. म्हणजे आपलं नारिंग. झालं, स्वारी निघाली मागावर. स्पॅनिशात तो शब्द अरबीतून आला, अरबीत फारसीतून, फारसीत संस्कृतातून. संस्कृत आल्यावर मला वाटलं, चला, सुटलो. पण विष्णू म्हणे, मूळ आणखी खाली, द्राविडी भाषांत आहे. जुन्या कन्नडात ‘नारु’ म्हणजे सुवास येणं.

वहिनी धारवाडकडच्या, कन्नड बोलत वाढलेल्या. लग्न नवं होतं. हा गडी त्या आनंदात स्वयंपाकघरात गेला आणि कन्नड शब्दाला मराठी शेपूट लावून त्यांना म्हणाला, “तू नारतेस.” आजच्या कन्नडात त्याचा अर्थ एकच, घाण वास येणं. वहिनींनी अबोला धरला. जुना अर्थ समजावताना त्याच्या नाकी नऊ आले, आणि पुढे तो शब्द त्या घरातली कायमची थट्टा होऊन बसला.

शेवटच्या दुखण्यात त्याच्या पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. समाचाराला येणारे दाराशीच बसत... त्याला ते कळे. मग त्यानं वहिनींनाही जवळ येऊ देणं सोडलं. जखमा धुवायला त्या आल्या, की हा पाठ भिंतीला लावून पडून राही. एक दिवस माझ्यासमोरच तो म्हणाला, “लांब बस गं. मी नारतोय.”

वहिनी पाण्याचं भांडं घेऊन खाटेवर टेकल्या. “व्हय की, नारताय. जुन्या अर्थानं.”

तो हसला, मग रडला... आणि धुवायला पाठ त्यांच्याकडे केली. त्यानंतर त्यानं त्यांना कधी दूर सारलं नाही.

परवा पुन्हा गेलो होतो. खोली झाडून लख्ख केलेली, चादर धुतलेली. उशीचा अभ्रा तेवढा मळका होता. धोब्याकडे टाकतो म्हणून मी हात पुढे केला, तर वहिनींनी उशी जवळ ओढून घेतली.

“नको भावजी. अजून नारतंय.”