भिंगकाकांनी पत्र मोठं करून पाहिलं

कचेरीसमोरच्या गल्लीत झेरॉक्सची पाच दुकानं आहेत, पण जुना फोटो नीट करून घ्यायचा असला की लोक भिंगकाकांकडेच येतात. त्यांचं खरं नाव सांगायला त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागेल. कॉम्प्युटरवर पेंट उघडायचं, फोटो आठपट मोठा करायचा आणि नाक पडद्याला लावून एकेक ठिपका भरत बसायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा धंदा. मध्यंतरी कितीतरी भारी प्रोग्रॅम आले. काकांनी ते पाहिले आणि बाजूला ठेवले. जो प्रोग्रॅम आपला आपण फोटो सुधारतो, तो आपल्या पाठीमागे आणखी काय काय करत असेल, असं त्यांचं म्हणणं.

माणूस तसा निर्व्यसनी, पण संशयाचं व्यसन दांडगं. त्यालाही कारण होतं. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी एक सभ्य गृहस्थ दाखला घेऊन आले. तारखेवर शाई सांडलीय, तेवढा डाग काढा आणि आकडा पुन्हा घाला, म्हणाले. काकांनी भोळेपणाने घातला. महिन्याभराने पोलिसांनी काकांना बोलावलं आणि दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. दुधाने तोंड पोळलेले लोक ताक फुंकून पितात. काका तेव्हापासून साधं पाणीही फुंकून पिऊ लागले. गिऱ्हाईक आलं की आधी कागद बघायचे, मग गिऱ्हाईक, मग पुन्हा कागद. बायको म्हणायची, "हे आरशात बघतात तेसुद्धा 'हा कोण आलाय आपल्या घरात' अशा नजरेने."

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीने लग्न ठरवायचं म्हणजे सोपं काम नव्हतं. पहिल्या मुलाला काकांनी नाकारलं, कारण त्याच्या दोन कागदांवरच्या सह्या जुळत नव्हत्या. दुसरा उगाचच फार हसत होता. तिसरा पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करणारा. लेकीचा त्याच्यावर जीव होता आणि यालाही नकार दिला तर पुन्हा विचारू नका, असं तिने आईला बजावलं होतं. काकांनी एकच अट घातली, नोकरी कायम हवी आणि तसा कागद हवा. लेकीने नेमणुकीचं पत्र त्यांच्या ईमेलवर पाठवलं. काकांनी ते छापून वाचलं. 'पंप दुरुस्ती कामगार या कायम पदावर' असं स्वच्छ लिहिलं होतं. दोनदा वाचून काका "ठीक आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडून "ठीक आहे" म्हणजे दुसऱ्या कुणी छातीशी धरण्यासारखंच. घर चार दिवस आनंदात होतं.

पाचव्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं आणि काकांच्या मनात पाल चुकचुकली. सगळं इतकं सुरळीत कसं? त्यांनी पत्र पेंटमध्ये उघडलं आणि भिंग फिरवायला सुरुवात केली. 'कायम' हा शब्द ओळीपेक्षा एक ठिपका वर बसला होता. एकच ठिपका, पण काकांना तो दारात उभ्या असलेल्या हत्तीसारखा दिसला. मग पत्राच्या शेवटच्या ओळीत 'या अटी कायम राहतील' असं सापडलं. तिथल्या 'म'ची उभी रेघ मध्येच जराशी तुटली होती. वरच्या 'म'चीही तशीच, त्याच जागी तुटली होती. म्हणजे खालचा शब्द उचलून वर चिकटवला होता.

काकांचं डोकं तापलं. लग्नाआधीच सासऱ्याला टोपी घालतोय! पण आवाजात साखर घोळून त्यांनी मुलाला फोन केला. "काम संपलं की जरा दुकानावर येशील का? काही विशेष नाही."

तो येईपर्यंत आणखी पुरावा हवा म्हणून त्यांनी त्या शब्दामागचा कागद तपासायला घेतला. कच्चा माणूस जुना शब्द खोडायला पांढरा रंग फासतो आणि तिथेच पकडला जातो, कारण स्कॅन केलेला कागद कधीच पांढराशुभ्र नसतो. इथे मात्र ड्रॉपरने शेजारचाच मळकट रंग उचलला होता. आणि त्यावर सगळ्यात लहान स्प्रेने फिकट करडे ठिपके मारले होते, कागदाचा खरखरीतपणा तुटू नये म्हणून. "वा," काका पुटपुटले.

आणि मग त्यांचा माऊसवरचा हात थांबला. ही सफाई गल्लीतल्या पाचही दुकानांत कुणाला येत नव्हती. फोटोवरच्या घड्या बुजवताना काकांनी ती स्वतः शोधली होती आणि जगात एकाच माणसाला शिकवली होती. सातवीच्या सुट्टीत लेक इथेच स्टुलावर बसायची. 'स्प्रे दाबून धरायचा नाही, बोट उचलत उचलत मारायचा,' हे त्यांनीच तिला शंभरदा सांगितलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. काकांना फार एकटं वाटलं.

एवढ्यात मुलगा आला. हाताला ग्रीस, शर्ट घामेजलेला. काकांनी चहा मागवला आणि पत्र पडद्यावरून खाली सारलं. दोघांचं संगनमत असेल, हा विचार अजून सुटला नव्हता.

"तुझी ती नोकरी," काका म्हणाले, "कशी आहे म्हणालास?"

"हंगामी, काका. अकरा महिन्यांनी पुन्हा पत्र मिळतं. लिहिलंय ना त्यात." मुलगा संकोचून हसला. "तुमची अट मला माहीत होती. मी तिला म्हटलं होतं, बाबा पत्र बघतील आणि विषय संपेल. पण तुम्ही वाचून हो म्हणालात. खरं सांगू का, माझ्या घरच्यांनीसुद्धा माझ्यावर इतका भरवसा टाकला नसता."

काकांनी त्याचा चेहरा कागद बघावा तसा कडेकडेने पाहिला. कुठेही जोड नव्हता.

"हो," ते म्हणाले, "वाचलं होतं मी."

चहा आला. मुलगा प्यायला लागला. काकांचा कप तसाच राहिला.

"एक विचारू? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तिला माझी भीती वाटते का रे?"

मुलाने कप खाली ठेवला.

"वाटते, काका. खूप."

तपासल्याशिवाय कुणाचा शब्द न घेणाऱ्या काकांनी हा एक शब्द मात्र तिथल्या तिथे खरा मानला.