शिंगीचा काटा आणि भैरोबाचा बंध

"दोरीला हात लावू नका, डागदरसाब. भैरोबाचा बंध हाय."

हे सांगणारे अप्पा गुरव गावच्या देवळाचे पुजारी होते. सोपान न्हाव्याच्या दंडाला सुंभाची दोरी त्यांनीच आवळली होती. सोपानचा उजवा हात माझ्या टेबलावर होता. बोटं निळसर आणि गार पडली होती. नख दाबून सोडलं, तरी रंग परतत नव्हता.

निजामाच्या राज्यातली, चाळीसच्या दशकातली ही गोष्ट. परंडा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होतो. उन्हाळ्यात तळं आटलं की लोक गाळात हात घालून मासे धरत. सोपानही उतरला होता. गाळात हाताला काहीतरी डसलं आणि तो ओरडत बाहेर आला. साप चावला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. त्या भागात रीत अशी की भैरोबाचं नाव घेऊन दोरी बांधायची आणि ती फक्त सोनारी गावच्या भैरोबाच्या देवळाच्या उंबऱ्यावर सोडायची. बैलगाडी बाहेर जुंपलेलीच होती. वाटेत दवाखाना लागला म्हणून सोपानची बायको गंगूबाई हट्टानं उतरली होती.

"लिंबाचा पाला चारला," अप्पा म्हणाले. "कडू लागंना. म्हंजी इख चढलंय."

"तोंडात तंबाखू होती का?"

"ती तर जलमापासून हाय," गंगूबाई म्हणाली.

तंबाखूनं चव मेली असणार, पण मला हसू आलं नाही. तो खरंच साप असता, तर दोरी सोडताच विष अंगभर गेलं असतं. सापाच्या विषावरची लस माझ्याकडे नव्हती. आणि दोरी तशीच ठेवून गाडी सोनारीला पोचेपर्यंत हात मेला असता. मग तो कापावाच लागला असता. न्हाव्याचा उजवा हात.

नाग-मण्यारच्या विषानं पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही; म्हणून मी आधी पापण्या पाहिल्या. त्या जड झाल्या नव्हत्या. पाणी प्यायला दिलं, ते त्यानं नीट गिळलं. "आग व्हतीया, साहेब, आग!" तो ओरडत होता, आवाज खणखणीत होता. तळव्यावर जखम एकच होती, तीही फाटल्यासारखी. चिमटा घातला तर आत काहीतरी लागलं. ओढून काढलं. हाडाचा बारीक तुकडा, कडेला करवतीसारखे दाते.

"शिंगी," मी म्हणालो. शिंगी हा गाळात राहणारा, मिशांचा मासा. त्याच्या कल्ल्यांमागच्या दोन काट्यांत विष असतं. वेदना भयंकर होतात, पण धडधाकट माणूस सहसा दगावत नाही.

अप्पांनी तुकडा बोटावर घेतला. "मासा असंल. पर बंध बंधच की. मी सोडला आन उद्या काय झालं, तर गाव मला इचारंल."

गंगूबाई एकदम उठली. "अप्पा, बांधताना तुमी काय म्हनला? 'देवा, सापाचं इख हितंच थोप.' मी हुबी व्हते. मग माशाचा बंध बांधलाय कुनी?"

अप्पांनी तुकडा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "न्हाय. माशासाठी म्या शबुद टाकला न्हाय." त्यांनी हात जोडले आणि गाठ स्वतःच सोडली.

बोटांत रक्त उतरू लागलं तसा सोपान पहिल्यापेक्षा जोरात किंचाळला. "इख चढलं!" गाडीवान दारातून म्हणाला. अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी सोपानची नाडी धरली. माझीच जास्त जलद चालली असावी.

पाणी तापवून आणलं. या विषाचा जोर उष्णतेनं मोडतो. पण बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून सोपानचा डावा हात आधी बुडवला. त्याला सोसवलं, तेव्हा उजवा घातला. पाणी दोनदा बदललं. ओरडणं कण्हण्यावर आलं, मग तेही थांबलं. पापण्या, श्वास, गिळणं मी पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. काही बिघडलं नाही. नखांखाली गुलाबी रंग आला.

हात वाचला. करंगळी मात्र कायमची ताठ राहिली. ते शिंगीचं काम नव्हतं, दोरीचं होतं. पुढे विषबाधेचा रोगी आला की काय चावलं हे मी नंतर विचारत असे. कुठे आणि किती घट्ट बांधलंय, हे आधी.