कोकिळाबाईची काडी

जाम गावच्या चौकापासून थोडं आत एक कारखाना आहे. खनिज तेलातून निघणारं स्वस्त मेणतेल आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्यांना नकोसा झालेला क्लोरीन, यांची टाकीत गाठ घातली की जाडसर पिवळट माल तयार होतो. तो वायरींच्या आवरणात जातो, चपलांच्या तळव्यात जातो. धंदा बरा चालतो. पण क्लोरीन स्वस्तात मिळाला म्हणून काही तो स्वभावानं गरीब होत नाही. छातीत शिरला तर जीव घेतो.

कोकिळाबाई अकरा वर्षांपूर्वी तिथं झाडायला लागली आणि बघता बघता गळती शोधायला शिकली. सकाळी नळीत जरासा वायू सोडला की ही पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, काडीला कापूस गुंडाळणार, अमोनियाच्या पाण्यात बुडवणार आणि एकेका जोडावरून फिरवणार. जिथं गळत असेल तिथं पांढरा धूर उठतो. कारखान्यानं तिला सळई देऊन पाहिली. "त्याले गंज चढते," म्हणाली आणि घरच्या वावरातल्या काड्यांची मोळी घेऊन आली. कागदावर मात्र ती अजून ठेक्यावरची झाडूवालीच होती.

त्या सोमवारी तिला कायम करायचा कागद मॅनेजर साहेबांच्या टेबलावर सहीला आला होता. साहेब नागपूरहून नवेच आलेले आणि कायम घाईत. कोकिळाबाईनं काडी फिरवली. धूर कुठंच उठला नाही. टाकीवरच्या हिरालालनं क्लोरीन पुरता सोडायला वाल्वच्या चाकाला हात घातला.

"थांब, हिरालाल," ती म्हणाली. "साहेब, अमोनियाची दुसरी बाटली मागवा. मले पुन्हा पाहू द्या."

"धूर नाही ना? मग आणखी काय पाहिजे?" साहेब चिडले. "बाई, तुमचा कागद माझ्या टेबलावर आहे, लक्षात आहे ना?"

अकरा वर्षं तिनं याच कागदाची वाट पाहिली होती. पण तिनं पदर खोचला आणि सरळ चाकासमोर उभी राहिली.

"कागद टेबलावरच राहू द्या. चाक मी फिरवू देत नाई."

हिरालालनं हळूच हात काढून घेतला. साहेबांनी तणतणत फोन केला. तासाभरानं नवी बाटली आली. काडी बुडवताच कोकिळाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिसऱ्या जोडापाशी दोऱ्याएवढा पांढरा धूर उठला. वायू बंद करून जोड उघडला, तर आतली चकती नुसत्या बोटानं तुटली.

साहेबांचा चेहरा उतरला. "आधी तर काहीच दिसलं नव्हतं. मग तुम्हाला कळलं कसं?"

"बाटलीचं बूच ढिलं होतं, साहेब. अमोनिया उडून गेलता. अकरा वर्षांत काडी बुडवली अन् मी रडली नाई, असा एक दिवस नाई. आज डोळे कोरडे राह्यले, तवाच मी समजली."

साहेब ऑफिसात गेले, कागद घेऊन आले आणि पेन उघडलं. कोकिळाबाईनं कागद हातात घेऊन वाचला. पदापुढं 'सफाई कामगार' असं होतं. तिनं तो परत साहेबांपुढं धरला.

"हे खोडा. गळती तपासनीस लिहा, मंग सही करा."

साहेबांनी आधी खोडलं.